जाब विचारायला निघण्याआधी

जाऊ की नको, हा तुझा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की जाऊन तुला काय हवं आहे? त्याचं उत्तर सापडलं की जाऊ-नकोचा निकाल बहुतेक वेळा आपोआप लागतो. तू दुसराच प्रश्न घोकत बसली आहेस, म्हणून तुझी झोप उडाली आहे.

सांगायला लागण्याआधी माझी बाजू उघड करते. तू ज्याच्याबद्दल विचारते आहेस तो तुझा बाप आणि माझा पाठचा भाऊ. तू चौथीत असताना तो घर सोडून गेला आणि आता मलकाजगिरीला राहतो, असं तुझ्या कानावर आलंय. बहिणीचं मन थोडं त्याच्याकडे झुकणारच. तेवढं वजा करून ऐक. पण काचीगुडा, इसामिया बाजार, गौलीगुडा या आपल्या मराठी वस्त्यांतली कितीतरी तुटलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. कोण जाऊन आलं, कोण गेलंच नाही, कुणाला जाऊन पस्तावा झाला, हे ठाऊक आहे. आमच्या आई-मावशीने जे कानात सांगितलं, त्यात हे पाहिलेलं मिळवून तुला देते.

हवं ते चार रकान्यांत मांड

एक कागद घे आणि चार रकाने आख: माहिती, हक्क, कबुली, भेट. त्याच्याकडून जे जे हवंसं वाटतं ते त्या त्या रकान्यात लिही. मनात हे सगळं एकत्र कालवलेलं असतं आणि त्या सगळ्याला आपण ‘जाब विचारणं’ म्हणतो. कागदावर ते सुटं झालं की कळतं, यातल्या बऱ्याचशा गोष्टींसाठी त्याच्या दारात जायची गरजच नाही.

माहिती दुसरीकडून मिळत असेल तर आधी तिकडून घे

आपल्या हैदराबादी मराठी घरांतले अबोले जुने आहेत, आणि त्यातले कितीतरी अर्धवट माहितीवर उभे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्रात. राज्याबरोबर सरकारी नोकरही वाटले गेले. एक भाऊ बदलून औरंगाबादला, दुसरा इथेच हैदराबादला, आणि गावची शेती तिसऱ्याच कुणा चुलत्याच्या हाती. मग पत्रं कमी झाली, लग्नाची आमंत्रणं उशिरा पोचू लागली आणि मधली मोकळी जागा संशयाने भरली.

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ देगलूरकडच्या चुलतभावाशी मरेपर्यंत बोलले नाहीत. ‘त्याने आमची जमीन विकून खाल्ली,’ एवढीच तक्रार. पुढे त्यांचा मुलगा जाब विचारायला निघाला, तेव्हा माझ्या मामांनी त्याला आधी तहसिलात पाठवलं. तिथे १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक निघालं आणि त्यात कुळाचं नाव होतं. हैदराबादचा कूळ कायदा १९५० चा. त्याच्या ३८-ई कलमाने संरक्षित कुळाला जमिनीची मालकी मिळाली होती. चुलतभावाने काहीच विकलं नव्हतं, त्याचीही जमीन तशीच गेली होती. मुलगा गावाला गेला, पण भांडायला नव्हे, वडिलांचा अबोला फुकट गेला हे सांगायला.

तुझ्या रकान्यात ‘ते का गेले’ असेल, ‘पैसे पाठवायचे का’ असेल, ‘आजारी होते का’ असेल. पैशाचं उत्तर आईच्या जुन्या पासबुकांत आणि मनीऑर्डरच्या पावत्यांत आहे. आजाराचं मला विचार. नोकरीचं त्याच्या त्या वेळच्या सोबत्यांना विचार. मी जे सांगेन ते आईकडून पडताळून घे आणि आई सांगेल ते माझ्याकडून. दोन बाजूंच्या दोन माणसांनी एकच गोष्ट सांगितली तर ती खरी धरायला हरकत नाही. एवढं करूनही जी माहिती फक्त त्याच्याचकडे आहे, ती कागदावर राहील. सहसा एक-दोन ओळीच उरतात.

हक्काचं बोलणं कागदावर, समोरासमोर नाही

दुसऱ्या रकान्यात आजोबांचं घर असेल, गावची जमीन असेल. त्यासाठी बापाच्या दारात जाऊन ‘माझा हिस्सा द्या’ म्हणू नकोस. त्याने काम होत नाही, उलट समोरचा सावध होतो.

हैदराबादच्या माणसाला हे शिकवायला लागू नये. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली आणि तीनच दिवसांत निजाम सरकारचे १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग लंडनमध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या बँक खात्यावर गेले. सातव्या निजामाने ते लगेच परत मागितले. खातेदाराच्या संमतीशिवाय बँक पैसे देईना. भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस, तिघांचा दावा. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ ला, भारताच्या आणि निजामाच्या दोन नातवांच्या बाजूने; तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. सत्तर वर्षांनी जे मिळालं ते तारा, पत्रं आणि बँकेच्या नोंदींच्या जोरावर. राजवाड्याच्या पैशाला जो नियम तोच तुझ्या-माझ्या दोन एकरांना.

तेव्हा शहरातल्या घराची आधी ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढ, गावच्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढ. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हिस्सा आहे. आपल्याकडे एन. टी. रामाराव यांच्या सरकारने तो १९८६ च्या दुरुस्तीने अविवाहित मुलींना दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुलींना मिळाला. आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं. पण कुठली मालमत्ता वडिलोपार्जित आणि कुठली कुणाची स्वतःची, हे वकिलाला ठरवू दे. मुदतही लक्षात ठेव: एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून १२ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

वकिलाची फी जड वाटत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर. मोफत वकील मिळायला स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. दोन्हीकडची तयारी असेल तर लोकअदालत आहे. तिथे कोर्ट फी नाही आणि झालेला समझोता कोर्टाच्या हुकुमाइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. एवढं सगळं वेगळं काढलंस की एक फायदा होतो. पुढे कधी त्याला भेटलीस तर जमिनीसाठी आली असं त्याला म्हणता येणार नाही, आणि तुलाही तसं वाटणार नाही.

कबुली मागून मिळत नाही

तिसरा रकाना सगळ्यांत कठीण. ‘माझं चुकलं’ हे त्याच्या तोंडून ऐकायचं असतं. हे मी स्पष्ट सांगते: ज्या भेटीचं यश समोरच्याच्या एका वाक्यावर टांगलेलं आहे, त्या भेटीला जाऊ नकोस. ते वाक्य त्याच्या हातात आहे, तुझ्या नाही. ज्याने एवढी वर्षं घर टाळलं, त्याने स्वतःच्या मनात एक कहाणी रचलेली असते. तीत तो बिचारा असतो. तुझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने ती मोडत नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल पिलेमर यांनी तुटलेल्या नात्यांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०२० मध्ये आलं. त्यांच्या पाहणीत २७ टक्के लोकांनी घरातल्या कुणा ना कुणाशी संबंध तोडल्याचं सांगितलं. ज्यांचं पुन्हा जमलं अशांशी ते सविस्तर बोलले. त्यातून निघालेली महत्त्वाची गोष्ट ही, की जे जोडले गेले त्यांनी ‘मागे काय घडलं ते माझ्यासारखंच तूही मान्य कर’ हा हट्ट सोडला होता. माझ्या मावशीने ना अमेरिका पाहिली ना विद्यापीठ, पण ती हेच सांगायची: एका भांडणाच्या दोन हकिगती असतात आणि दोन्ही खऱ्या मानणारा माणूस सोडून सगळे भेटतात.

म्हणून स्वतःची परीक्षा अशी घे. डोळ्यांसमोर आण, की तो समोर बसला आहे, तू बोललीस आणि तो गप्प राहिला. किंवा म्हणाला, ‘तुझ्या आईलाच विचार.’ चहा पिऊन उठून गेला. एवढंच घडलं तरी तुझं काम झालं असं तुला वाटेल का? वाटत असेल तर जा. वाटत नसेल तर अजून थांब. माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा हाच आहे.

भेट हवी असेल तर तुझ्या अटींवर

चौथ्या रकान्यात काही मागणं नसतं. नुसतं पाहायचं असतं: आता कसा दिसतो, आवाज तसाच आहे का, माझं नाक त्याच्यावर गेलंय का. ही इच्छा लहान समजू नकोस आणि तिची लाज धरू नकोस.

यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्यांची बायको एका दिवसात सवाष्ण असून नवऱ्यावाचूनची झाली. नातेवाइकांच्या घरी तिने काही वर्षं काढली. मग ती नवऱ्याकडे गेली, पण सगळं विसरून नव्हे. आपलं सोवळं, आपलं खाणंपिणं वेगळं ठेवून, हळूहळू, स्वतःला झेपेल तसं. १९०० मध्ये तिने स्वतः तो धर्म घेतला, तो तिचा निर्णय होता. भेटणं म्हणजे माफ करणं नाही, आणि माफ करणं म्हणजे पुन्हा एका घरात राहणं नाही. या तिन्ही पायऱ्या वेगळ्या आहेत. तू पहिलीवर थांबलीस तरी कुणाचं काही देणं लागत नाहीस.

जायचंच नाही असे प्रसंग

यावर जास्त चर्चा नको. ज्याने हात उचलला होता आणि आजही उचलेल अशी भीती आहे, त्याच्याकडे एकटीने जायचं नाही. दारू चालू असेल तर जायचं नाही. लहानपणी ज्याने अंगाशी चाळे केले, त्याच्याशी समजुतीची बैठक नसते. तिथे आधी वकील आणि समुपदेशक, पुढचं त्यांच्या सल्ल्याने. अशा माणसाच्या आसपास आज दुसरं लहान मूल असेल तर ते थांबवणं हे जाब विचारण्याहून मोठं काम आहे. धोका वाटला तर ११२, बायकांसाठी १८१. तुझ्या बापाबाबत यातलं काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण ही चिठ्ठी तू मैत्रिणींना वाचून दाखवशील, म्हणून लिहिलं.

आणखी एक. तू स्वतः मोडलेली असशील तेव्हा जाऊ नकोस. नोकरी गेली, लग्न ठरता ठरता फिसकटलं, बाळंतपण झालं, अशा दिवसांत बापाची आठवण जोरात येते. त्या दिवसांत घेतलेला निर्णय महिनाभर बाजूला ठेव. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेलिमानस आहे. तिथे फुकट बोलता येतं.

आईचं भांडण आईला परत दे

तुझ्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे लिही: हे माझं की आईचं? ‘त्यांनी सणाला कधी साडी आणली नाही’ हे आईचं. ‘माझ्या दहावीच्या निकालाला ते नव्हते’ हे तुझं. आईचं दुःख खरं आहे आणि मोठं आहे, पण ते मांडायचा हक्क तिचा. मुलगी आईची वकील होऊन गेली की बाप लगेच नवरा होऊन बोलू लागतो, आणि तुझं म्हणणं राहूनच जातं.

आईची परवानगी तुला लागत नाही. पण तिला सांगून जा. तिला ते दुसऱ्याकडून कळलं तर दुसरा अबोला सुरू होईल. सांगताना एवढंच म्हण: ‘मी भेटणार आहे. तुला आवडणार नाही हे मला कळतं. तुझ्याबद्दल मी तिथे काही बोलणार नाही.’ आणि शब्द पाळ.

पहिलं पत्र फाडायचं, दुसरं पाठवायचं

पहिलं पत्र मनातलं सगळं ओकून टाकायला. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींवर लिहायला लावलं होतं. तेव्हापासून ही रीत जगभर वापरली जाते. तूही चार दिवस लिही. शिव्या आल्या तर येऊ दे. ते मोबाइलवर लिहू नकोस. चुकून पाठवलं जातं. पाचव्या दिवशी वाच आणि फाडून टाक.

दुसरं पत्र चार ओळींचं. तू कोण, कुठे भेटायचं, किती वेळ, आणि नाही म्हणायची मोकळीक. ‘मी अमुक. तुम्हाला भेटायची इच्छा आहे. अर्धा तास पुरे. जमत नसेल तर तसं कळवा, मी पुन्हा विचारणार नाही.’ व्हॉट्सॲपवर पाठवलंस तर निळ्या खुणा पाहत रात्र काढशील. त्यापेक्षा बंद पाकिटातून टपालाने पाठव. पोस्टकार्ड नको, ते अख्खं घर वाचतं. त्याचं आता दुसरं घर असेल, लहान मुलं असतील, तुझं नावही त्यांनी ऐकलेलं नसेल. त्यांचा यात काही दोष नाही. म्हणूनच त्याच्या दाराची घंटा अचानक वाजवायची नाही.

उत्तर नाही आलं तर महिन्याभराने एकदा आठवण कर. तिसऱ्यांदा नाही. न आलेलं उत्तर हेही उत्तरच असतं, आणि ते लेखी दिल्याइतकं स्पष्ट असतं.

मध्यस्थ निवडताना

मला मध्ये घालू नकोस. मी दोघांची आहे, म्हणून दोघांना अर्धवटच सांगेन. काका-मामा मंडळींना तर अजिबात नको. त्यांची स्वतःची जुनी खाती मिटवायची राहिलेली असतात. मध्यस्थ असा हवा, ज्याला या भांडणात काही मिळवायचं नाही आणि ज्याला निरोप जसाच्या तसा पोचवता येतो. निरोपात मीठमसाला घालणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी टाळ.

जागा, वेळ आणि बसणं

तुझ्या घरी नको, त्याच्या घरी नको. लग्नात, मुंजीत, गणपतीच्या मंडपात, कुणाच्या तेराव्याला तर मुळीच नको. चार लोकांसमोर माणूस खरं बोलत नाही, इज्जत सांभाळतो.

इराणी हॉटेल चांगलं. तिथे आवाज असतो, त्यामुळे शेजारच्या टेबलाला ऐकू जात नाही; माणसं असतात, त्यामुळे कुणी ओरडत नाही. चहा आणि उस्मानिया बिस्किटं संपली की उठायला कारण मिळतं. जेवायला बसू नकोस. बिर्याणीचं ताट समोर असताना उठून जाता येत नाही, आणि बिल कुणी द्यायचं यावरून नवीनच मानापमान होतो. चहाचे पैसे आधीच देऊन टाक. हॉटेलात गुदमरतं वाटलं तर नामपल्लीचा बागे आम सकाळी बरा. बाकावर शेजारी शेजारी बसलं की सारखं डोळ्यांत पाहावं लागत नाही आणि बोलणं सोपं जातं. मेट्रोचं स्टेशन जवळ असेल अशी जागा बघ, म्हणजे ‘चल, मी सोडतो’ या प्रश्नालाच जागा राहत नाही. मैत्रिणीला जवळपास थांबव, पण टेबलापाशी नको.

आपल्या शहराची एक खोड सांभाळ. हैदराबादी माणूस तहजीब सोडत नाही. ‘या, बसा, चहा घ्या, प्रवास कसा झाला, काम कसं चाललंय’ यातच तास जातो आणि दोघंही ‘भेटून बरं वाटलं’ म्हणून उठतात. मग तू घरी येऊन रडणार. म्हणून चहा यायच्या आत विषय काढ.

नमस्कार आणि पहिलं वाक्य घरूनच ठरवून नीघ

वाकून नमस्कार करायचा की नाही, हे आधी ठरव. वडीलधारं माणूस समोर आलं की आपले हात सवयीनेच पायांकडे जातात, आणि मग तू स्वतःवरच चिडशील. करायचा असेल तर मनापासून कर. नसेल तर हात जोड, तेवढं पुरे. ‘बाबा’ म्हणायचं की नुसतं ‘तुम्ही’, हेही ठरव. दोन्ही चालतं. अडखळणं मात्र बोलायचं धैर्य खातं.

पहिल्या वाक्यात घडलेली गोष्ट आणि तुझं मागणं असू दे, आरोप नको. ‘तुम्ही आम्हाला टाकलंत’ म्हटलंस की तो उलट वाद घालेल. ‘मी चौथीत असताना दसऱ्यानंतर तुम्ही घरी आला नाहीत. त्यानंतर मी वाट पाहिली. तुमच्याकडून त्याबद्दल काही ऐकायचं असेल तर मी आज ऐकायला आले आहे,’ असं म्हण. मग गप्प राहा. तुझ्या गप्प राहण्यात खूप ताकद आहे. ती मध्येच बोलून घालवू नकोस. यादीतल्या पंधरा गोष्टी बाहेर काढू नकोस. एक गोष्ट नीट सांगितलेली त्याच्या लक्षात राहील, पंधरा राहणार नाहीत.

तो रडला तर रडू दे. तू लगेच ‘असू द्या, झालं गेलं’ म्हणू नकोस. तुला तसं वाटत नसताना म्हटलंस, तर पुढे ते शब्द तुझ्यावरच उलटतात.

पहिल्या भेटीत पैसा नाही, वचन नाही

म्हातारपणी माणसाला औषधाला पैसे लागतात. तो मागेल असं मी म्हणत नाही, पण मागितले तर काय, हे तुझं ठरलेलं हवं. द्यायचेच असतील तर परत न येणारी आणि तुला न टोचणारी रक्कम दे. उधार म्हणून देऊ नकोस. उधारीने पुन्हा नातं तयार होतं, तेही वाईट जातीचं. ‘घरी ये’, ‘लग्नाला या’, ‘दर रविवारी फोन करीन’ यातलं काहीही त्या दिवशी बोलू नकोस. आठ दिवसांनी तेच करावंसं वाटलं तर खुशाल कर.

भेटीहून थेट ऑफिसला जाऊ नकोस. त्याच रात्री तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेव, कारण महिन्याभरात आठवण आपल्या सोयीने बदलते. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नकोस.

आजारपण आणि शेवट

काही जण म्हणतात, ‘शेवटच्या घटकेला भेटू.’ हा बेत धरू नकोस. दवाखान्यात नळ्या लावलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. तिथे फक्त हात धरता येतो. बोलायचं असेल ते तो चालता-फिरता असताना.

वेळ निघून गेली की काय उरतं ते बघ. लोकमान्य टिळक आणि आगरकर यांनी न्यू इंग्लिश स्कूलपासून एकत्र काम केलं, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि दोघं एकमेकांवर कडाडून लिहू लागले. १७ जून १८९५ ला आगरकर गेले, तेव्हा ते चाळीशीलाही पोचले नव्हते. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मृत्युलेख सगळा महाराष्ट्र वाचतो; ज्याच्यावर लिहिला तो एकटाच वाचत नाही.

आता एक कडू गोष्ट, पण ठरवून ठेव. उद्या फोन आला, की तो गेला, तर तू जाणार का? अंबरपेटच्या स्मशानात उभी राहणार का? अग्नी देशील का असं कुणी विचारलं तर काय म्हणशील? त्या दिवशी दहा जण दहा सल्ले देतील आणि तुझं डोकं चालणार नाही. आज शांतपणे ठरवलंस तर त्या दिवशी कुणाच्या दडपणाखाली यायला नको. जायचं ठरलं तरी योग्य, नाही ठरलं तरी योग्य. ठरवलेलं नसणं तेवढं वाईट.

नाही जायचं ठरलं तर

न जाणं हा पळपुटेपणा नाही, अट एवढीच की तो निर्णय असावा, टाळाटाळ नसावी. टाळाटाळ करणारा रोज फेसबुकवर त्याचं नाव शोधतो, मलकाजगिरीचं नाव निघालं की कान टवकारतो. निर्णय घेतलेला माणूस हे बंद करतो. नाही ठरवलंस तर कागदावर तारीख घालून लिही, की मी जाणार नाही, आणि का ते दोन ओळींत. ‘आता वय झालंय त्यांचं, मन मोठं कर’ म्हणणारे येतील. त्यांना म्हण, ‘माझं ठरलंय.’ कारणं देऊ नकोस. कारण दिलं की त्यावर वाद घालायला माणसं बसलेलीच असतात. मीही त्यांत असेन कदाचित, मलाही हेच उत्तर दे.

वर्षाने तो कागद पुन्हा वाच. मत बदललं असेल तर बदल. दार तूच लावलेलं आहे, उघडायचं तर तूच उघडशील.

आज रात्री एवढंच कर: चार रकाने आख. माहिती माझ्याकडून आणि आईकडून घे, हक्क वकिलाकडे दे, कबुलीचा रकाना खोडता येतो का पाहा. ते खोडल्यावरही भेटावंसं वाटलं, तर जा. मी अडवणार नाही आणि त्याला आधी कळवणारही नाही. नाही वाटलं, तर जाऊ नकोस, आणि कुणाच्या, अगदी माझ्याही, भिडेला पडून जाऊ नकोस.